मण्याचा खांदा

गाडीवर चित्र काढणाऱ्याला एक नियम आधी पाठ करावा लागतो: चित्रातलं जे काही चालतं-पळतं, ते बोनेटच्या दिशेनं गेलं पाहिजे. डाव्या दारावर पुढं झेपावणारा वाघ उजव्या दारावर मागं पळायला लागला, की गाडीवाला भांडायला आलाच म्हणून समजा. त्यामुळे चित्र एकदाच काढायचं, कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखं उलटायचं आणि दुसऱ्या बाजूला चिकटवायचं. किन्हीराजा गावातल्या मोहनसिंगच्या रेडियमच्या दुकानात सुकेशनीनं हे पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं होतं.

पण चित्र काढू देतो कोण? दुकानात आल्यापासून ती रेडियमच्या चमकत्या कागदातून 'आईचा आशीर्वाद' कापत होती. तालुक्यातल्या निम्म्या आयांचे आशीर्वाद तिच्या हाताखालून गेले असतील. मोहनसिंग माणूस भला, पण चित्राचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी. शेवटी जऊळक्याच्या उकंडरावांनी नव्या गाडीवर दोन्ही बाजूंनी बैलजोडी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "घे, काढ. त्याईले आवडली त पुढची चित्रं तुयी. नाई आवडली त मुकाट्यानं अक्षरं काप, अन् मले पुन्हा इचारू नको."

उकंडरावांची जोडी नावाजलेली: पांढरा चांद्या आणि तांबडा मण्या. दोघंही पिकल्या वयात गेले, शेतात ट्रॅक्टर आला. पण पोळ्याच्या रांगेतली आपली जागा सोडायला म्हातारा तयार नव्हता. यंदा तिथं गाडी उभी करणार, असं त्यांनी गावात जाहीर करून टाकलं. गाव पोट धरधरून हसलं. उकंडरावांनी खुशाल हसू दिलं.

सुकेशनीनं जीव ओतून जोडी काढली. अलीकडं ऐटीत चालणारा चांद्या, पलीकडून डोकावणारा मण्या. मग नियमाप्रमाणे चित्र उलटलं, उजव्या बाजूला चिकटवलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाली.

पोळ्याच्या आदल्या दुपारी उकंडराव आणि त्यांची बायको तुळसाबाई गाडी न्यायला आले. तुळसाबाईंच्या हातात तूप-हळदीची वाटी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपाहळदीनं चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, हा रिवाज. बैल नाहीत म्हणून तो मोडायचा कशाला? घरी केलं असतं तर तमाशा बघायला सगळं गाव जमलं असतं, म्हणून इथंच उरकायचं ठरवून ते आले होते. मोहनसिंग तोंड फिरवून हसला.

उकंडरावांनी डाव्या बाजूच्या चांद्याच्या खांद्यावर बोटं फिरवली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," असं पुटपुटले आणि वळसा घालून उजवीकडं आले. तिथं त्यांचा हात हवेतच थांबला.

"मण्या कुठी हाय?"

"हा काय, काका. चांद्याच्या पल्याड."

"चांद्या डाव्या अंगाचा बैल, पोरी. इकून पाह्यलं त मण्या अलीकडं पाह्यजे. जलमभर जुपले, पर कधी जागा बदलली नाई त्याईनं." मग सावरून म्हणाले, "राहू दे. चांगलं काढलं तू." आणि बोटं धोतराला पुसली.

ते 'चांगलं' सुकेशनीला फार लागलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या घरी बैल कधी नव्हतेच. दुसऱ्याची जोडी वखरायला यायची, ती तिनं बांधावरून पाहिलेली. डावा-उजवा तिला कोण सांगणार?

"काका राहू दे म्हंतेत," मोहनसिंगनं घाईघाईनं सांगितलं.

"म्या काढून राह्यली," ती म्हणाली आणि नखानं कडा धरून अख्खं चित्र टरकावलं. आता कॉम्प्युटरचा काही उपयोग नव्हता. मण्याचं पुरतं अंग तिनं कधी काढलंच नव्हतं. कागद पसरून तिनं दोघांना समोर बसवलं. "सांगा, कसा होता?"

"मान सरळ ठेवे," उकंडराव म्हणाले.

"तुमच्याकडं पाहून सरळ," तुळसाबाई म्हणाल्या. "मी भाकर घेऊन आली का तिरपी करे."

"म्या त कधी नाई पाह्यली."

"तुमी कधी भाकर देल्ली त्याले?"

नवरा-बायकोचं हे भांडण बराच वेळ रंगलं, आणि तेवढ्या वेळात सुकेशनीची पेन्सिल चालत राहिली. पलीकडच्या चांद्यासाठी पांढरं आणि मण्यासाठी तांबडं रेडियम तिनं हातानंच ब्लेडनं कापलं, साबणपाणी मारून दारावर बसवलं आणि बाजूला झाली.

मण्या अलीकडं चालत होता. मान तिरपी.

उकंडराव बघत राहिले. तुळसाबाईंनी वाटी पुढं केली, पण त्यांनी ती घेतली नाही.

"तूच लाव," ते म्हणाले. "तुयाकडंच पाहून राह्यला तो."

तुळसाबाईंनी तांबड्या खांद्यावर तूप चोळलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन आवतण दिलं.

"तूप लागलं त रेडियम सुटन न," मोहनसिंग सुकेशनीच्या कानाशी कुजबुजला.

"सुटू द्या. पुढच्या पोळ्याले पुन्हा काढीन."

मोहनसिंगनं एकदा मण्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"काढजो," तो म्हणाला.