नाण्याएवढा पत्रा

उजवा इंडिकेटर लावला की मागचा ब्रेकलाइट मिणमिणायचा, आणि हॉर्न दाबला की हेडलाइट डोळे मिटायचे. गाडी जुनी, दोन सीटांची, टप उघडणारी. वायरिंगचा हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींची बांधलेली जुडी, मात्र परवाच खोक्यातून काढलेला, कोरा करकरीत. डॅशबोर्डखाली उताणी पडून, पाय सीटच्या पाठीवर टाकून मी एकेक वायर जागेवर नेली होती. जुना हार्नेस काढताना प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली होती. एकही जोड चुकला नव्हता. तरी बटण दाबलं की गाडी माझी थट्टा करत होती.

चूक कुठे आहे ते मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. चूक माझ्या वायरिंगमध्ये नव्हती, दादाच्या रंगात होती.

गाडीत करंट दिव्यापर्यंत जातो वायरीतून, पण परत येतो गाडीच्या पत्र्यातून. त्यासाठी प्रत्येक काळी वायर उघड्या पत्र्यावर बोल्टने कसावी लागते. मध्ये रंग आला की करंट अडतो आणि भलत्याच दिव्यातून वाट काढत फिरतो. गाडी रंगाला देण्याआधी त्या सगळ्या जागांवर मी मास्किंग टेप लावली होती. वर पेनाने ‘रंग नको’ असंही लिहिलं होतं. दादाने टेपा सोलून काढल्या आणि आतून-बाहेरून, बोल्टच्या भोकांसकट, रंग मारला.

“टेपच्या कडा उठून दिसतात,” तो म्हणाला. “खड्डे पडल्यासारखं वाटतं.”

“डॅशबोर्डच्या मागे? तिथे बघायला कोण जाणार आहे, पाल?”

“मला माहीत असतं ना, तिथे खड्डा आहे म्हणून.”

वर्कशॉप आम्हा भावंडांचं. पुढच्या भागात माझं वायरिंग, मागे प्लास्टिकच्या पडद्याआड दादाचा रंग. आजवर आम्ही भांडलो नाही असा दिवस आठवत नाही, पण या वेळी मला नीट भांडताही येत नव्हतं. छातीच्या डॉक्टरांनी त्याला फवाऱ्याची बंदूक कायमची खाली ठेवायला सांगितलं होतं. मास्क लावूनही नाही, खिडक्या उघडूनही नाही. एवढी हातातली गाडी पुरी करू द्या म्हणून तो हटून बसला, आणि वहिनीने रडून, अबोला धरून शेवटी हात टेकले. मला तिने वेगळं बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ही झाली की त्यांना पडद्यामागे पाऊल टाकू द्यायचं नाही. तुमच्यावर सोडलंय.”

म्हणजे ही त्याची शेवटची गाडी. गडद हिरवा रंग त्याने असा चढवला होता की त्यावर हात ठेवायला संकोच वाटावा. आणि मला तो घासायचा होता.

घासायला तो देईना. मग मी दातेरी वॉशर घातले. त्यांचे दात रंगात रुततात, खाली पत्र्याला टेकतात. हेडलाइट लागले, मी टाळी वाजवली, दार आपटलं आणि ते विझले. मग म्हटलं, प्रत्येक दिव्यापासून वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत ओढते.

“माझ्या गाडीत लोंबत्या वायरी?” दादाने कपाळाला आठ्या घातल्या.

“तुझ्या गाडीत? गाडी वकीलसाहेबांची आहे! संध्याकाळी न्यायला येणार आहेत. रस्त्यावर उजवीकडे वळायला निघाले आणि मागे ब्रेकलाइट लुकलुकला, तर मागचा गोंधळून येऊन आदळेल. मग बसा तुम्ही दोघं रंग बघत!”

माझा आवाज चढला होता. दादाने गाडीपुढे जाऊन स्वतः मला हॉर्न दाबायला सांगितलं. मी दाबला. हेडलाइट विझले. त्याला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. मग तोंड पुसून तो म्हणाला, “घास. मी बाहेर बसतो.”

दोन दिवस ज्यासाठी डोकं फोडलं तेच हातात आलं होतं. पॉलिश पेपरची घडी केली, टॉर्च दातात धरला, डॅशबोर्डखाली शिरले. पहिल्या बोल्टशी कागद टेकवला आणि हात पुढे जाईना. रंगाचं प्रेम मला कधीच नव्हतं. मला भीती वाटत होती. कागद जरा सटकला, शेजारी एक ओरखडा उठला, तर तो ओरखडा दादाला झोपू देणार नव्हता. मग उद्या सकाळी मी यायच्या आत पडद्यामागे बंदुकीचा आवाज सुरू झाला असता. ‘एवढाच डाग, दोन मिनिटं.’ मला तो चांगला माहीत आहे.

“दादा!” मी खालूनच ओरडले. “ये इकडे. मला जमत नाहीये.”

तो आला, गुडघे धरत खाली बसला. “कागद कसा धरलायस, भांडी घासतेस का?” असं म्हणत त्याने टेपच्या तुकड्याला गोल भोक पाडलं, तो बोल्टभोवती चिकटवला आणि त्या गोलाच्या आत बोटाच्या टोकाने घासायला लागला. मी टॉर्च धरला. हिरवा गेला, खालचा राखाडी थर गेला, नाण्याएवढा पांढरा पत्रा चमकला. काठ असा सफाईदार की कंपनीतूनच तसा आला असावा. एकेक करून त्याने सगळ्या जागा उघड्या केल्या. मी मागोमाग वायरी कसत गेले.

बटण दाबलं. हेडलाइट लख्ख लागले. हॉर्न दिला, हलले नाहीत. उजवा इंडिकेटर, डावा, ब्रेक, सगळे आपापल्या जागी. दादा उजेडात उभा राहून बॉनेटच्या कडेवर बोट फिरवत होता. खूश होता, मला दिसत होतं.

“पुढच्या गाडीला आधीच सांगत जा,” तो म्हणाला. “तेवढी जागा सोडीन मी.”

सांगितलं होतं! टेप लावून, वर लिहून सांगितलं होतं! तोंडापर्यंत आलं होतं. आणि तेवढ्यात त्याचं बोट बॉनेटवर थांबलं. आपण काय बोललो ते त्यालाही कळलं होतं.

“बरं,” मी म्हणाले. “सांगेन.”