मला न मिळालेला अंगठा

मी एक जुनी, पत्र्याची, अंगठ्याच्या शाईची डबी आहे. माझे झाकण वाकले आहे आणि आतले कापड वाळून खडखडीत झाले आहे. पण मित्रांनो, माझी कीव करत बसू नका. जयपूरच्या एका कचेरीत मी वर्षानुवर्षे राज्य केले आणि मला हरवणारी एकच बाई भेटली. आज मी तिच्याच घरात राहते, म्हणून तर मला मराठी येते.

चांदपोल बाजारातल्या एका कारागिराने मला घडवले. तळाशी लोकरीचा जाड तुकडा बसवला, वर मलमल ताणली आणि पोटभर जांभळी शाई पाजली. नंदकिशोरजी नावाच्या कारकुनाने मला आपल्या टेबलावर ठेवले. ते रोज सकाळी रुमालाने माझे झाकण पुसत आणि माझ्या ठशाचे कौतुक करीत. मी फुगून जाई. चौमूंचे शेतकरी, आमेरचे पाथरवट, घुंघटातल्या बायका, सगळे माझ्यापुढे हात करीत. कागदावर काय लिहिले आहे हे फार थोडे विचारीत. मीही कधी विचारले नाही, याची आज लाज वाटते.

१९५७ च्या हिवाळ्यात अनुसयाबाई आल्या. साताऱ्याच्या, पन्नाशीच्या, विधवा. त्यांचा भाऊ सदाशिव सरकारी नोकरीत बदली होऊन जयपूरला आला होता. सीकर रस्त्यावर बस उलटली आणि तो व त्याची बायको दोघेही गेले. मागे बारा वर्षांची विभा आणि नऊ वर्षांचा राजन उरले. आत्या तेराव्यापुरती आली होती, ती राहिलीच. मुलांचे जेवणखाण, शाळा, आजारपण सगळे पाहू लागली. पण कागदावर ती त्यांची कोणीच नव्हती. भावाचा प्रॉव्हिडंट फंड अडकला होता. अल्पवयीन मुलांचे पैसे न्यायालयाने नेमलेल्या पालकालाच मिळतील, असे पत्र आले. सरकारी घर सोडायची नोटीसही आली. नातेवाइकांनी तर मुलांची वाटणीच ठरवून टाकली: विभा इंदूरला मामाकडे, राजन साताऱ्याला चुलत काकाकडे. ही वाटणी आत्याला होऊ द्यायची नव्हती. म्हणून तिने पालक नेमण्याचा अर्ज केला.

अर्जाखाली तिने टाकाने मोडीत सही केली. लहानपणी वडिलांनी तिला हीच लिपी लिहायला शिकवली होती. नंदकिशोरजींनी कागद आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला.

"माईजी, ये क्या कीडे-मकोडे बनाये हैं?"

"भैया, ये मेरी सही है."

"सही है कि गलत, वो साहब देखेंगे. आप दस्तखत करो."

"वही तो! सही! मेरी सही!"

मराठीत सही म्हणजे दस्तखत आणि हिंदीत सही म्हणजे बरोबर. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते आणि दोघांचेही आवाज चढत होते. शेवटी नंदकिशोरजींनी मला पुढे सरकवले. "अंगूठा लगाओ, माईजी. दो मिनट का काम है."

मी झाकण उघडून तयारच होते. अनुसयाबाईंनी मला एका बोटाने मागे ढकलले. मित्रांनो, असा अपमान माझा जन्मात झाला नव्हता!

बाकावरून विभा उठून आली. "आत्या, लगा दो ना. मतलब, देऊन टाक ना अंगठा. मला मामाकडे नाही जायचं."

"नाही देणार," आत्या म्हणाली. "माझे यजमान गेले तेव्हा साताऱ्याला एकदा दिलाय. सही येत असून दिरांनी अंगठा घेतला. वर काय लिहिलंय ते वाचूसुद्धा दिलं नाही. शेत गेलं. गेलं ते गेलं, विभा. पण तुम्ही दोघं म्हणजे शेत नाही."

माझी सगळी मिजास उतरली. त्या कागदापाशीही माझ्यासारखीच एखादी डबी बसलेली असणार.

सुनावणी महिनाभर पुढे गेली. सुनावणीच्या दिवशी नंदकिशोरजींनी मला उघडून समोर ठेवले आणि न्यायाधीशांना सांगितले, की बाई अनपढ आहे आणि वर हट्टी आहे. अनुसयाबाई पुढे झाल्या.

"साहब, मैं दस बार लिखती हूँ. एक भी अलग निकला तो अर्जी फाड दो."

विभाने राजनचा हात घट्ट धरला. आत्या लिहू लागली. सातव्या सहीला टाक अडला, शाई फुटली आणि नंदकिशोरजी गालात हसले. आत्याने टाक आपल्या पदराला पुसला आणि पुढची सही केली. दहा झाल्या. साहेबांनी महिन्यापूर्वीचा अर्ज काढला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले आणि दहाही सह्या त्या जुन्या सहीशी एकेक करून ताडून पाहिल्या. त्या वेळात मी देवाला एकच मागितले, की हा अंगठा मला मिळू नये.

"नंदकिशोर," साहेब म्हणाले, "लकीर दस बार एक जैसी नहीं पडती. ये दस्तखत है. डिब्बी बंद करो."

अनुसयाबाई कायद्याने पालक झाल्या. सरकारी घर सुटले, पण भाड्याच्या दोन खोल्यांत मुले एकत्र वाढली. त्या काळी न्यायालयाने पालक नेमला की मूल अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी सज्ञान ठरे. तोवर मुलांच्या पैशाचा हिशेब घेऊन आत्या दरवर्षी कचेरीत आली आणि दरवर्षी मोडीतच सही करून गेली. पुढे टेबलावर नवी डबी आली आणि मी खणात गंजत पडले. १९६९ मध्ये राजन एकवीस वर्षांचा झाला. शेवटचा हिशेब मंजूर झाला, तेव्हा निवृत्तीला आलेल्या नंदकिशोरजींनी मला खणातून काढले. "माईजी, ये आपसे हारी है. आप ही ले जाइये."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काळजी मागतात. मला ती नको. तुमच्या ओळखीत कोणी आत्या, मावशी, आजी दुसऱ्याचे मूल वाढवत असेल, तर तिचे नुसते गोडवे गाऊ नका. तिच्याबरोबर कचेरीत जा, अर्ज लिहा, प्रत्येक कागद तिला वाचून दाखवा. आणि मला कोरडीच राहू द्या. कोणी पुन्हा शाई ओतून न वाचलेल्या कागदापाशी मला बसवलेच, तर मी उमटणार नाही. काय करायचे ते करा.