कमान मागे घ्या

अमिरातीतल्या अल ऐन शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचं मांडामांडीचं काम राजाभाऊंच्या कंपनीकडे होतं. सुरुवातीची कमान त्यांनी दोन दिवस आधीच बोल्ट मारून पक्की केली. दुसऱ्या दिवशी सकाळी झिल्के फोर्स्टर सायकलवरून मार्ग मोजायला आली. सत्तावन्न वर्षांची उंच, सडपातळ जर्मन बाई. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावलेलं. मागून राजाभाऊ पिकअपचे दिवे लावून चालले होते.

दोनदा मोजून ती म्हणाली, "अडतीस मीटर कमी भरतंय. नकाशा रस्त्याच्या मधून काढलाय, पण धावणारे वळणावर आतल्या कडेला चिकटतात. कमान मागे घ्यावी लागेल."

"मॅडम, चार माणसांचा अर्धा दिवस जाईल. एवढंसं कुणाला कळणार आहे?"

ती रागावली नाही. पिकअपच्या सावलीत बसून तिने राजाभाऊंनी दिलेला कडक चहा घेतला आणि आपली गोष्ट सांगितली.

कासेलमध्ये ती औषधांच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची. कामाआधी आणि कामानंतर धावायची. बारा वर्षं. दहा हजार मीटरमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा पाचवी आली, एकदा चौथी. एकोणतिसाव्या वर्षी एका छोट्या गावातली मॅरेथॉन तिने दोन तास तेहतीस मिनिटांत संपवली. जर्मनीच्या संघात जायला तेवढी वेळ पुरेशी होती. आईने सगळ्या गल्लीला केक वाटला.

"अकरा दिवसांनी पत्र आलं. मार्ग एकशेसत्तर मीटर कमी होता. सगळ्यांच्या वेळा रद्द."

"पण तेवढं अंतर म्हणजे अर्धं-पाऊण मिनिट ना?"

"हो. पूर्ण धावले असते तरी संघात गेले असते. नियमात तसं बसत नव्हतं."

पुढे टाच दुखावली. आणखी चार वर्षं ती धावली, पण ती वेळ पुन्हा जमली नाही.

"राग नाही आला?"

"आला ना. दोन वर्षं कुणाशी नीट बोलले नाही. मग तो मार्ग पुन्हा मोजणाऱ्या माणसालाच जाऊन भेटले. म्हातारे मास्तर होते. दर शनिवारी त्यांनी मला हे काम शिकवलं." ती हसली. "धावण्यापेक्षा हे जास्त वर्षं केलंय."

राजाभाऊंनी चहा संपवला आणि मुकादमाला फोन लावला. "मोईन, बोल्टचे पाने घेऊन माणसं पाठव. कमान मागे घ्यायची. यल्ला, लवकर." दुपारपर्यंत काम खलास झालं.

रविवारी शर्यत झाली. झिल्केही धावली, एक तास दोन मिनिटं, आणि शेवटचा किलोमीटर शेजारून धावणाऱ्या एका बाईशी गप्पा मारत आली.

राजाभाऊंची बायको छाया पाण्याच्या टेबलावर होती. तिने घरून आणलेला डबा उघडला. झिल्केने उभ्या उभ्या दोन थालीपिठं लोण्यासकट खाल्ली आणि विचारलं, "यात काय काय असतं?"

छाया मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळून एकेक धान्य सांगू लागली. झिल्केने छातीवरच्या नंबराचा कागद काढला, टेबलावर उलटा ठेवला आणि पेन मागून लिहून घेऊ लागली. "धणे," छाया म्हणाली, "ते विसरू नका. आणि सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर."