न पेटणारे छिलके

दुपारी त्या खोलीत ऊन तिरपं उतरायचं. उभ्या केलेल्या लाकडांच्या सावल्या फरशीवर पडायच्या आणि सगळी फरशी रेघा आखलेल्या पानासारखी दिसायची. ख्वाजामियाँ डबा खाऊन, गमछा उशाला घेऊन त्या रेघांमध्ये आडवे व्हायचे. खालून पोरांच्या पाढ्यांचा आवाज यायचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्या आवाजात त्यांचा डोळा लागायचा.

झोपेत ती लाकडं पुन्हा झाडं व्हायची. काँक्रीटच्या जमिनीतून वर येऊन छतापर्यंत जायची. त्यांना पानं नसायची, उघडी पुस्तकं लटकलेली असायची, आणि फांदीफांदीवर पोरं पाय सोडून वाचत बसलेली असायची. वारा नसतानाही पानं उलटत राहायची. जागे झाले की ख्वाजामियाँ काही वेळ तसेच पडून राहायचे. आपण सुतार आहोत की माळी, हे त्यांना लगेच आठवायचं नाही.

घनसावंगीच्या बुद्धविहाराला लागून ही नवी अभ्यासिका उभी राहत होती. आधी तिथं बांबू-पत्र्याची शेड होती. एका उन्हाळ्यात भर दुपारी वायरमधून ठिणगी पडली आणि शेड बघता बघता जळून गेली. पोरं जेवायला घरी गेली होती म्हणून वाचली. पुस्तक मात्र एकही उरलं नाही. तेव्हा पोरांना शिकवणारे तातेराव गुरुजी राखेजवळ उभे राहून म्हणाले होते, "आता बांधू ते असं बांधू, की त्यात जळायला काही सापडलंच न्हाई पाहिजे."

तशीच बांधली. तीन मजले, सगळे काँक्रीटचे, विटांचे, लोखंडाचे. मंजुरीही त्याच अटीवर मिळाली होती. राहिली होती ती सगळ्यात वरच्या मजल्यावरची, लहान पोरांच्या वाचनखोलीची आडभिंत. विटांची भिंत त्या छताला जड होणार होती. पत्र्याची चौकट हलकी, पण पुस्तकांच्या फळ्या तिच्यावर टांगायच्या तर जागोजागी वेगळा आधार द्यावा लागणार होता. लाकडात कुठंही स्क्रू बसतो. म्हणून गुरुजींची मुलगी सुमेधा, जी या इमारतीची इंजिनियर होती, लाकडासाठी अडून बसली. न जळणाऱ्या इमारतीत लाकडाला एवढीच जागा होती: ज्या भिंतीवर कसला भार नाही, जी दोन्ही अंगांनी जिप्समच्या बोर्डांनी झाकली जाणार आहे, तिच्या आत, आणि तेसुद्धा औषध मुरवलेलंच लाकूड.

लाकूड आलं त्या दिवशी ख्वाजामियाँनी त्याच्यावरून हात फिरवून तोंड वाकडं केलं होतं. मळकट, खरखरीत लाकूड. अंगावर पांढुरकी छटा आणि प्रत्येक पट्टीवर निळा शिक्का.

"हे काय रोगाट लाकूड आणलं, बेटी?"

"रोगाट न्हाई, चाचा. कैरीच्या फोडींना मीठ मुरवतो ना आपण? तसं मोठ्या टाकीत घालून, दाब देऊन याच्यात मीठ मुरवलंय. आग लागली तर काळं पडंल, पण भडकणार न्हाई. हा शिक्का म्हणजे त्याची खूण. लांबीला कापा तेवढं. बाकी त्याला काही करू नका."

"बराबर," ख्वाजामियाँ म्हणाले होते.

आणि त्यांनी बाकी काही केलं नाही, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त उभं करण्याआधी प्रत्येक पट्टीला चारही अंगांनी रंधा मारला. रंधा मारणं म्हणजे लाकडाला काही करणं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती अंघोळ होती. त्यांच्या अब्बांनी बैलगाडीची साटीसुद्धा कधी रंध्यावाचून जोडली नव्हती. घरात येणाऱ्या पाहुण्याने पाय धुवावेत, तसं लाकडाने न्हाऊन यावं, ही त्यांच्या घराची रीत. आणि हे तर सगळ्या इमारतीतलं एकुलतं एक लाकूड! गावात आता दारं ॲल्युमिनियमची, खिडक्याही तयार येतात. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ख्वाजा सुताराला बोलावलं होतं. मळकट लाकूड उभं करून ते घरी कसे जाणार?

रंध्यातून लांब, वळलेले छिलके निघाले. निळे शिक्के त्यांच्यासोबत वेटोळे होऊन फरशीवर पडले. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. चौकट पुरी झाली त्या संध्याकाळी ख्वाजामियाँनी साठलेले सगळे छिलके पोत्यात भरून घरी नेले, नेहमीसारखे. अंगणातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायला त्यांच्या बायकोला, मेहरुन्निसाला, ते बरे पडत.

सकाळी अंगणातून तिचा आवाज आला. "अजी सुनते क्या? ये कैसी लकडी लाये? जलतीच नै!"

ख्वाजामियाँ दात घासत घासत बाहेर आले. मेहरुन्निसा चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकत होती. तिच्या डोळ्यांत धूर गेला होता आणि चुलीत छिलक्यांचा काळा ढीग होता. ख्वाजामियाँनी एक छिलका काडीवर धरला. छिलका आकसला, काळा पडला, कडेला लालसर रेघ धावली आणि विझली.

त्यांना हसू आलं. "देखा? सुमेधा बेटी की लकडी है. उसमें नमक है नमक. आग को हरा देती."

"आग को हराती, और मेरे को रुलाती," मेहरुन्निसा पदराने डोळे पुसत म्हणाली. "पाणी थंडच है. नहा लो अब वैसेच."

ते अजून हसत होते. हसता हसता हात थांबला. आगीला हरवणारं मीठ या छिलक्यांत असेल, तर तिकडे भिंतीत काय उरलं?

खाटेच्या पायाखाली घालायला म्हणून त्यांनी चौकटीतला एक उरलेला, रंधा मारलेला तुकडा पिशवीत टाकून आणला होता. तो त्यांनी शोधून काढला. शेजारून काटक्या आणून मेहरुन्निसाने चूल पेटवली तेव्हा त्या जाळावर धरला. आधी काहीच झालं नाही. मग लाकडाच्या कोपऱ्यावर एक छोटी पिवळी ज्योत आली. शांत, सुंदर ज्योत. चुलीबाहेर काढला तरी ती विझली नाही. तुकड्याच्या अंगावरून हळूहळू चालत त्यांच्या बोटांकडे येत राहिली.

"छोडो जी! हाथ जलेगा!"

त्यांनी तुकडा पाण्यात टाकला आणि अंघोळ न करताच सदरा चढवला.

अभ्यासिकेच्या दारात टेम्पो उभा होता. बोर्ड लावणारा पप्पू बोर्ड उतरवून घेत होता. चार दिवसांवर उद्घाटन होतं. गुरुजींनी गावभर सांगितलं होतं. वरची भिंत आज झाकायची होती.

"चाचा, या की! दुपारपर्यंत तुमची चौकट दिसायची बंद," पप्पू म्हणाला.

"थांब जरा. लाकडात गडबड झाली."

"कसली?"

ख्वाजामियाँनी सांगितलं. पप्पूने मान खाजवली, आजूबाजूला पाहिलं. "चाचा, एकदा बोर्ड लागला की आत काय हाय ते अल्लालाच म्हाईत."

"त्याला म्हाईत राहतं, हीच तर पंचाईत हाय, बाबा."

जिन्याच्या पायरीवर चिमुकली पायल बसली होती. शेड जळली तेव्हा ती बोलायलाही लागली नव्हती. आता बाराखडी गिरवत होती. "चाचा, आमची खोली झाली का?"

काल दुपारी झोपेत याच पोरीला ख्वाजामियाँनी सगळ्यात उंच फांदीवर बसलेलं पाहिलं होतं. खाली उतरायला तिला किती वेळ लागेल, असा विचार मनात आला आणि ते दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर निघाले.

सुमेधा वरच होती. चौकटीसमोर उभी राहून ती एका पट्टीवरून हळूहळू हात फिरवत होती.

"किती सुंदर झालंय हो, चाचा," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र कौतुकाचा नव्हता. "शिक्के कुठं गेले?"

"छिलक्यांत गेले. मीठबी त्यांच्यासंगच गेलं. घरी चुलीत घालून बघितलं, बेटी. छिलके पेटत न्हाई अन् लाकूड पेटून राह्यलं."

"मी सांगितलं होतं ना, काही करू नका म्हणून?"

"न्हाऊ घातलं फक्त."

सुमेधाने कपाळाला हात लावला. रागवावं की काय करावं, तिला कळेना. लहानपणी याच माणसाच्या दुकानात छिलक्यांच्या बांगड्या करून ती हातभर घालायची.

"चूक माझीबी हाय," ती म्हणाली. "रंधा म्हणून नावच घ्यायला पाहिजे होतं मी. चाचा, हे मीठ वरवरच जास्त असतं. आत खोल गेलेलं थोडं. वरचं अंग काढलं, की भरवसा गेला."

तातेराव गुरुजी जिना चढून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं. "मंग पत्र्याची चौकट लावू. बांधकाम समितीवाले आधीच म्हणत होते."

"हौ गुरुजी," ख्वाजामियाँ म्हणाले. "पत्राच लावा. माझा हात आता भरवशाचा राह्यला न्हाई."

खोलीत ऊन सरकत होतं. लाकूड त्या उन्हात असं उजळलं होतं, की कुणालाच त्याच्याकडे नीट पाहवेना.

सुमेधाने विचारलं, "चाचा, पुन्हा लाकूड आणलं, तर रंधा घरी ठेवून याल?"

विचारणं सोपं होतं. ख्वाजामियाँना मात्र वाटलं, आपल्याला कुणीतरी धुतलेल्या पायांनी मशिदीत जायच्या ऐवजी चिखलातून चालायला सांगतंय. खरखरीत, मळकट लाकूड उभं करायचं. शिक्क्यासकट. अब्बा बघत असते तर? आणि मग त्यांना अब्बाच दिसले: बांधावरच्या बाभळीखाली बसलेले, तिच्या काळ्या, भेगाळ सालीला पाठ टेकून. उभ्या बाभळीची साल त्यांनी कधी तासली नव्हती. ती का असते, हे त्यांना माहीत होतं.

"ठेवतो," ख्वाजामियाँ म्हणाले.

"मंग वरची खोली उशिरा उघडू," गुरुजी म्हणाले. "खालचे मजले ठरल्या दिवशी. पण ख्वाजाभाई, पोरांना मी न्हाई सांगणार. तुम्हीच सांगा."

"मलाच सांगावं लागंल."

गुरुजींनी सगळ्या पोरांना अंगणात आणलं. ख्वाजामियाँनी एका विटेवर घरून आणलेला छिलका ठेवला आणि दुसरीवर रंधा मारलेल्या लाकडाची ढलपी. दोन्हींना काडी लावली. छिलका काळा पडून विझला. ढलपी पेटली. पोरं एकदम पुढे सरकली, गुरुजींनी हात आडवा धरला.

"काय दिसलं?" गुरुजींनी विचारलं.

"पातळ हाय ते जळलं न्हाई, जाड हाय ते जळलं!" मागून एक पोरगा ओरडला.

"उलटंच हाय की!" दुसरा म्हणाला.

"उलटं कशामुळं?"

मग ख्वाजामियाँ उकिडवे बसले आणि कैरीची, मिठाची, टाकीची सगळी गोष्ट त्यांनी सावकाश सांगितली. आपण लाकूड चकचकीत करायच्या नादात त्याचं चिलखतच कसं सोलून काढलं, तेही सांगितलं. पोरं तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

"म्हणून तुमची खोली लांबली," ते म्हणाले. "माझ्यामुळं."

मग पायल म्हणाली, "मंग छिलक्यांचीच भिंत का न्हाई करत?"

सगळी पोरं खो-खो हसली, गुरुजीही हसले. ख्वाजामियाँनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मोठी झाली की कर, बेटा. आज माझ्याच्यानं साधी भिंत होऊ दे."

चौकट त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवली. ती मधाच्या रंगाची लाकडं खाली विहारामागच्या पडवीत नेऊन ठेवली, तेव्हा पप्पूही ती फुलं धरल्यासारखी धरत होता.

नवं लाकूड आलं तेव्हा खालच्या दोन मजल्यांवर पोरं बसायला लागली होती. ख्वाजामियाँ येताना फक्त करवत, काटकोन पाहायचा गुणिया आणि पेचकस घेऊन आले. सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. हात पिशवीत जायचा आणि रिकामा परत यायचा. ते लांबी मापायचे, कापायचे, उभं करायचे. पट्टी लाजल्यासारखी, मळकट उभी राहायची, निळा शिक्का पुढे करून. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्याकडे पाहणं टाळलं. मग हळूहळू नजर सरावली. खरखरीत अंगावर ऊन पडलं की त्यात बारीक बारीक कण चमकत, नदीच्या वाळूत चमकतात तसे, आणि ख्वाजामियाँना वाटायचं, आपण गोदावरीच्या काठावरच उभे आहोत आणि ही सगळी लाकडं पाण्यातून नुकतीच वर आली आहेत. न्हाऊनच आली आहेत. आपण पुन्हा न्हाऊ घालायची गरज नाही.

सुमेधाने एकेक शिक्का बोट लावून पाहिला आणि मान हलवली. पप्पूने एका अंगाचे बोर्ड लावले, मग दुसऱ्या अंगाचे. लाकूड एकेक करून नाहीसं होत गेलं. शेवटी एका बोर्डापुरती फट उरली.

"चाचा, लावू?"

"थांब."

ख्वाजामियाँनी त्या फटीतून हात आत घातला आणि लाकडावरून वरपासून खालपर्यंत पंजा फिरवला, सवयीने, दाबून. एक बारीक कुसळ तळहातात शिरलं. ते कळवळले. लाकडाने त्यांना असं कधी टोचलं होतं, ते आठवेना.

"काय झालं? लागलं का?" पप्पूने विचारलं.

ख्वाजामियाँनी तळहात उन्हात धरला. कुसळाच्या मुळाशी रक्ताचा एक ठिपका आला होता. खालून पाढ्यांचा आवाज येत होता.

"लागलं," ते म्हणाले आणि हसले. "बिलकुल जसंच्या तसं हाय. लाव बोर्ड."