काडी कोण चावतंय?

मित्रांनो, मी दातवणाची एक जुनी काडी आहे. आता जेमतेम बोटभर उरले आहे, पण एके काळी चांगली वीतभर होते. माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. माझ्या टोकाचा हा कुंचला एकाच बाईच्या दातांनी झाला आहे. ती जिवंत होती तेव्हा, आणि नंतरही.

माझा जन्म जमैकातल्या पोर्टलंडच्या डोंगरात, कागदी लिंबाच्या झाडावर चढलेल्या एका वेलीवर झाला. आमची वेल कडू, पण चावली की साबणासारखा फेस येतो. एका सकाळी मिस इसीने, म्हणजे इसिल्डाबाईने, मला कोयत्याने तोडलं. पेरभर साल सोलली, तेवढं टोक पाण्यात भिजत घातलं आणि मग दाढेखाली धरून हळूहळू त्याचे धागे मोकळे केले. तिने घाई केली असती तर माझ्या चिरफळ्या उडाल्या असत्या.

रोज उजाडताना ती अंगणातल्या पाण्याच्या पिंपापाशी उभी राहायची. माझ्या धाग्यांवर चिमूटभर मीठ घ्यायची आणि हिरडीपासून टोकाकडे एकेक दात घासायची. मग खळखळून चूळ भरायची, मला धुवायची, एकदा झटकायची आणि भिंतीच्या फटीत कुंचला वर करून उभी ठेवायची. "तोंड खाली करून ठेवली की काडी कुजते," असं तिचं म्हणणं. तीन-चार दिवसांनी ती जुने धागे कापून टाकायची आणि नवं टोक चावायची. तिच्या सुरीखाली मी थोडी थोडी संपत होते, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तिचा खालचा डावा एक दात तिरका होता. तो माझ्यात कुठे रुततो, हे मला पाठ झालं होतं.

सत्तरीतही तिचे सगळे दात शाबूत होते. नवरा मास फर्डी ('मास' म्हणजे आमच्याकडे 'राव' म्हणावं तसं) मात्र पार बोळका.

"माझे दात तोंडात झोपतात, तुझे पेल्यात पोहतात," ती त्याला चिडवायची.

"माझे निदान पोहायला तरी शिकले!" तो म्हणायचा.

चूळ भरून झाली की ती हाक मारायची, "फर्डी!" आणि तो पुदिन्याचा चहा घेऊन बाहेर यायचा.

मग आठवडाभराच्या तापात ती गेली. अंगणातच, लिंबाखाली, तिला पुरलं. नवव्या रात्री वस्ती जमली, गाणी झाली, मासे-पाव झाले, रम झाली. उजाडल्यावर तिची धाकटी बहीण व्हर्लीन बाह्या सरसावून उठली. तिने पलंग फिरवून टाकला, पडदे बदलले, बहिणीचे कपडे, चपला, कंगवा सगळं घराबाहेर काढलं. गेलेल्या माणसाला आपलं घर ओळखू येऊ नये, म्हणून असं करतात.

"काही राहिलं नाही ना, मास फर्डी?"

"काही नाही," तो म्हणाला. मी त्याच्या खिशात होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पुन्हा फटीत ठेवलं. संध्याकाळी कपात पाणी घेऊन माझं टोक भिजवलं. मी वाळत चालले होते. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

तिसऱ्या सकाळी मला कुणीतरी उचललं. बोटं जाणवली नाहीत. तोंड जाणवलं, थंडगार, आणि त्यात श्वास नव्हता. मग खालून डावीकडे तो तिरका दात रुतला, अगदी जागच्या जागी. मित्रांनो, मी हादरले. ते दात घासणं नव्हतंच. ती नुसती चावत होती, भुकेल्यासारखी. मग मला चिखलात टाकलं आणि लिंबाखालून नाकात बोलल्यासारखी हाक आली, "फर्डी..."

आमच्याकडे एकट्या हाकेला कुणी ओ देत नाही. मेलेल्यांना तीन मोजता येत नाहीत, म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. पहिल्याच हाकेला ओ दिली, तर माणूस हाकेमागे निघून जातो. मास फर्डीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तो दारात उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

मग हे रोजचंच झालं. तो मला चिखलातून उचलायचा, धुवायचा, संध्याकाळी भिजवायचा. धागे कापायचं मात्र त्याला सुचत नव्हतं. मी काळी पडले, मला वास येऊ लागला. आणि दर सकाळी त्याचं तोंड जरा जास्त वेळ उघडं राहत होतं.

एका दुपारी व्हर्लीन खारा मासा आणि उकडलेली हिरवी केळी घेऊन आली. त्याने ताट बाजूला सारलं. "मला मीठ नको."

"मीठ नको? अहो, केवढे वाळलात! मीठ फक्त मेलेले खात नाहीत, ठाऊक आहे ना?"

ती हात धुवायला पिंपापाशी आली आणि तिला मी दिसले.

"मास फर्डी, ही काडी इथे कशी? आणि ओली कशी?"

"मी वापरतो."

"कशाने? हिरड्यांनी?" तिने मला उन्हात धरलं. "हे दातांचे वळ आहेत. हा तिरका दात लहानपणी माझ्या दंडात घुसला होता. काडी कोण चावतंय?" ती मला घेऊन चुलीकडे निघाली. "जाळून टाकते मी हिला!"

"नको गं! ती रोज येते. उद्या मी ओ देणार आहे. इथे एकटा राहून करू काय?"

व्हर्लीन पायरीवर बसली. मग म्हणाली, "माझ्या बहिणीने काडी कधी बिनमिठाची तोंडात घातली? कधी चिखलात फेकली? काडी ओली ठेवून तुम्हीच तिला असं अडकवून ठेवलंय, मास फर्डी. ना इकडची, ना तिकडची."

त्या संध्याकाळी त्याने मला भिजवलं नाही. काळे धागे कापले, मला धुतलं, नव्या टोकावर चिमूटभर मीठ दाबलं आणि फटीत ठेवलं. व्हर्लीन तिथेच राहिली.

उजाडताना ते थंड तोंड आलं. तिरका दात रुतला आणि थबकला. किती वेळ तसाच होता, मला सांगता येणार नाही. मग अगदी सावकाश, हिरडीपासून टोकाकडे, एकदा मी फिरले. फक्त एकदा. कुणीतरी मला झटकलं आणि फटीत उभं केलं, कुंचला वर करून.

हाक आली नाही. ऊन अंगणात येईपर्यंत मास फर्डी दारात उभा होता. व्हर्लीनने त्याचा दंड घट्ट धरला होता. शेवटी तो आपणहूनच म्हणाला, "ओ, इसी." कुणी उत्तर दिलं नाही. तो ओक्साबोक्शी रडला आणि मग त्याने चहा मागितला.

आता मी लिंबाखाली, तिच्या उशाशी मातीत रोवलेली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी काडी असेल तर तिचे धागे वेळेवर कापा, तिला धुवा, टोक वर करून वाळू द्या. दुसऱ्याची काडी तोंडात घालू नका. आणि जिची ती काडी आहे ती बाई गेली, तर काडीला पाणी दाखवू नका. मला ते पाणी फार आवडलं होतं, म्हणूनच सांगते.

मास फर्डी रोज सकाळी येतो, वाकतो आणि बोटाने माझं टोक चाचपतो. मी कोरडी असते. त्याचा चेहरा पडतो. मग तो घरात जातो आणि अंड्यावर मीठ घालून खातो.