काळीला पाजलेलं पाणी

बनुबाई लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात सासरच्या रानातल्या भेगेत तिचा पाय घोट्यापर्यंत गेला, आणि रडायच्या जागी ती खुदकन हसली. तिचं माहेर माणातलं, दहिवडीच्या पलीकडं. तिथं नांगर टीचभर गेला की मुरमावर खडखडायचा, आणि आज पडलेलं पाणी उद्या कुठं गेलं ते कळायचं नाही. इथं कृष्णाकाठी तिच्या सासऱ्यांनी, नाथाजींनी, भेगेत कडब्याचं अख्खं धाट सोडून दाखवलं. धाट गडप झालं.

"पुरुषभर काळी हाय, पोरी," नाथाजी म्हणाले. "पावसाळ्यात पोट भरून पिती, आन् शाळू निघंस्तवर वल सोडत न्हाई."

नवरा मानसिंग तेव्हा पलटणीत होता. लढाई चालू होती. सासू आधीच गेलेली, त्यामुळं घर आणि रान दोन्ही बनुबाई आणि नाथाजींनी रेटलं. शाळू नुसत्या ओलीवर आणि दवावर यायचा, आणि कणसं अशी भरायची की खुडताना मनगट दुखावं. माहेरचं कुणी आलं की बनुबाई आधी त्याला रानात न्यायची, मग घरात.

मानसिंग शेहेचाळीस साली परतला. मिसर देशात त्यानं एक मोठी नदी पाहिली होती. तिचं पाणी पोचेल तेवढी जमीन हिरवीगार, आणि पुढं नुसती वाळू. हे तो येईल त्याला सांगायचा. "आन् आमच्या दारातनं किस्ना वाहती, तरी आमी आभाळाकडं बघतुया!" पलटणीतनं साठवून आणलेल्या पैशांतून त्यानं तेलाचं इंजन घेतलं, नदीच्या थडीला बसवलं आणि रानापर्यंत पाट काढला. इंजनाचा पहिला ठोका पडला तेव्हा नाथाजींनी स्वतः नारळ फोडला. नको असं कुणीच म्हटलं नाही. काळीला एवढं पाणी आजवर कुणी पाजलंच नव्हतं, तेव्हा म्हणणार तरी काय?

ऊस उठला तो माणसाला गिळून टाकील असा. पान जरा मलूल दिसलं की मानसिंग इंजन सुरू करायचा. शेजारच्या रानांत भेगा पडत, यांच्या रानात बारमाही चिखल. पहिल्या सालचा गूळ सांगलीच्या पेठेत गेला तेव्हा व्यापाऱ्यांनी गावाचं नाव विचारून घेतलं. मानसिंगनं बायकोला इरकली लुगडं आणलं, बापाला नवा पटका.

दुसऱ्या साली बनुबाईला दिवस गेले आणि मातीचे डोहाळे लागले. माहेरी बायका चुलीचा पोपडा खात. तिला मात्र रानातली काळीच हवीशी वाटे. दुपारी कुणी नसताना ती बांधावरचं ढेकूळ फोडून तोंडात टाकायची. एकदा ती खालच्या कोपऱ्यात, ओढ्याकडच्या अंगाला बसली होती. ढेकूळ जिभेवर ठेवलं आणि थुंकली. खारट लागलं. हाताचा घाम असेल म्हणून तिनं पाटात हात धुतले, दुसऱ्या सरीतलं ढेकूळ घेतलं. तेही खारट. उलटं करून पाहिलं तर बुडाशी पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसत होतं.

सांगायचं तर आपण माती खातो हे सांगावं लागणार, आणि सांगायचं ते मामंजींना की नवऱ्याला? त्या संध्याकाळी बाप-लेक सोप्यात बसून पुढल्या साली वरचा तुकडाही उसाखाली घ्यायच्या गप्पा मारत होते. मानसिंग मोठ्यानं हसत होता. पलटणीतनं आल्यापासनं तो असा हसला नव्हता. बनुबाईनं भाकरी वाढली आणि गप्प राहिली. पुढं मुलगी झाली, तिच्या दुखण्याखुपण्यात दिवस गेले, आणि त्या चवीचा आपल्याला भास झाला असावा असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

त्यानंतरचं गुऱ्हाळ लागलं तेव्हा ऊस आधीच खुरटला होता. खालच्या कोपऱ्यात तर बेटंच्या बेटं जळाली होती. सिद्धू गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बघायचा, पण गोळी धरेना. शेवटी काहील उतरवली. ढेप बसली ती काळी, चिकट, हाताला ओढणारी. सिद्धूनं बोटभर गूळ जिभेला लावला आणि बाजूला जाऊन थुंकला.

"मालक," तो खाली बघत म्हणाला, "गूळ खारा लागतुया."

मानसिंगनं चाखला. बापाला दिला. नाथाजींनी तोंडातला गूळ थुंकला नाही, तसाच गिळला.

त्या रात्री बनुबाई बोलली. "आवं, मला ठावं व्हतं. रान खारं झालंय त्ये. पोरीच्या येळंला माती खाल्ली व्हती म्या."

मानसिंग अंथरुणावर उठून बसला. मग म्हणाला, "तवाच का बोलली न्हाईस?"

"तुमी लय खुशीत व्हता."

त्यानं हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. "बोलली असतीस तर म्या आयकलं असतं का गं?" त्यानं विचारलं, अगदी खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

सांगलीच्या कचेरीतून शेतकी खात्याचे चिंतामणराव म्हणून एक अधिकारी आले. भले माणूस. त्यांनी चिमूटभर माती पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. पाणी निवळेना, गढूळच राहिलं.

"मानसिंगराव, हेच पाणी मुरमाड रानाला दिलं असतं तर निथळून गेलं असतं," ते म्हणाले. "तुमची माती एकदा घेतलेलं पाणी सोडत नाही. खालचं मीठ त्या पाण्याबरोबर वर आलंय. आता खोल चर खणून पाणी ओढ्याला काढलं पाहिजे. मग ताग पेरून खत म्हणून मातीत गाडा. पाच-सात वर्षांनी कदाचित."

मानसिंगचं रान आणि ओढा यांच्या मधे शेजारी हंबीररावाचं रान होतं. चर काढायचा तर त्याच्या रानातून.

मानसिंग विचारायला गेला. बनुबाई पोरीला कडेवर घेऊन मागं गेली. हंबीररावानं काही ऐकून घेण्याआधीच मानसिंगचं मनगट धरलं आणि त्याला आपल्या वरच्या बांधाशी नेलं. तिथं शाळू गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला होता. बुडाशी पांढरा थर होता.

"म्या कवा पाणी पाजलंया रं हितं?" हंबीरराव म्हणाला. "येक घागर तरी वतली का?"

"मला ठावं न्हवतं, गड्या."

"मला तरी कुठं ठावं व्हतं? पर इंजन माझं न्हवतं."

मानसिंगनं वाकून तो थर चिमटीत धरला. चराचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. येताना तो बनुबाईच्या पुढं दहा पावलं चालत राहिला आणि घर आलं तरी थांबला नाही, सरळ नदीकडं गेला. इंजन त्यानं त्या दिवशी बंद केलं ते परत लावलं नाही.

पुढं काही महिने तो खोऱ्यानं पांढरा थर खरवडायचा, पाट्या भरून नदीकाठी नेऊन टाकायचा. दोन उन्हं पडली की थर पुन्हा वर यायचा. एक दिवस त्यानं खोरं कोपऱ्यात ठेवलं आणि माधवनगरला गिरणीत कामाला गेला. आठवड्यानं घरी यायचा. पोरीशी खेळायचा, म्हशीचं विचारायचा. रानाचं नाव त्यानं काढलं नाही, बनुबाईनंही काढलं नाही.

नाथाजींनी हट्टानं शाळू पेरला. पेरणीची पाभर त्यांनी धरली, चाड्यावर बी सोडणारी मूठ बनुबाईची. कुठं चार रोपं उगवली, वीतभर झाली आणि करपली. म्हातारा बांधावर उभा राहून बघत राहिला. "माझ्या बाच्या हातची जमीन," एवढंच म्हणाला, आणि घरी येऊन अंथरुणावर पडला तो वाळवणाला राखण बसायलाही उठेना.

घरात दाणे संपत आले तेव्हा बनुबाई रोजगाराला निघाली. दुसऱ्या कुणाच्या रानात तण काढायची भांगलण नव्हती, फक्त हंबीररावाच्या नदीकडच्या, अजून चांगल्या राहिलेल्या तुकड्यात होती. ती बांधावर जाऊन उभी राहिली. हंबीररावानं तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याची बायको साळूबाई बायकांच्या रांगेत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग स्वतः सरकून कडेची पात, आपला खुरपायचा पट्टा, मोकळी केली.

"ये," ती म्हणाली. "खुरपं आणलंयस न्हवं?"

बनुबाई खाली बसली. पातीनं पुढं जाताना तोंड नदीकडं होतं, तोवर हात भराभरा चालला. पात संपली, सगळ्या बायका उठून वळल्या. वळल्यावर समोर तिचंच रान होतं, टक्क दुपारी डोळे दिपतील असं पांढरं. तिनं पदर पुढं ओढला आणि पुढची पात धरली.