गाळलेले तास

अण्णा घरात नाहीत हे कळलं तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. अण्णा म्हणजे त्याचे वडील. वर्षभरापासून त्यांना स्वतःचं घरसुद्धा धड ओळखू येत नव्हतं. आणि हा दिवटा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसचं काम करत बसलेला!

त्याने फोनवर दाराच्या कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडलं. रेकॉर्डिंग रोज सकाळी आठला सुरू व्हायचं. बोट सरकवत सरकवत त्याने अण्णांना गाठलं. अनवाणी, उंबरा ओलांडताना. खाली सुरुवातीपासूनची वेळ होती १४:२०, म्हणजे चौदा मिनिटं वीस सेकंद.

त्याने बायकोला फोन लावला. "अगं, अण्णा गेले! आठ चौदाला! तीन तास झाले!"

"अरे देवा! तीन तासांत माणूस कुठल्या कुठे जाईल. मी इथूनच बस स्टँडवर जाते, तू पोलिसांत जा. हातपाय गाळून बसू नकोस."

तो दाराबाहेर धावला आणि खोक्याला अडखळला. साडेदहाला कुरिअरवाल्याने ठेवलेलं. आळसापायी त्याने आत घेतलंच नव्हतं. त्याने व्हिडिओ पुन्हा लावला. अण्णा त्याच खोक्याला वळसा घालून चालले होते. आठ चौदाला हे खोकं आलं कुठून?

मग त्याला उमगलं. अ‍ॅप त्याच्याच कंपनीचं, आणि व्हिडिओची वेळ आकड्यांत दाखवणारा कोड त्याच्याच हातचा. साठ मिनिटं झाली की आकडा पुन्हा शून्यावर. तास त्याने दाखवलेच नव्हते. तपासणारी सहकारी म्हणाली होती, "तासांचं काय?" तेव्हा हा शहाणा हसला होता. "एवढा लांब व्हिडिओ बघायला कोण रिकामटेकडं बसलंय?"

म्हणजे अण्णा गेले ते अकरा चौदाला. आत्ताच! आणि गल्लीच्या टोकाला कालवा.

तो जीव खाऊन पळाला. अण्णा कालव्याच्या पायऱ्यांवर होते, गुडघाभर पाण्यात, पुढची पायरी पायाने चाचपत. त्याने मागून मिठी मारून त्यांना वर ओढलं.

"अहो, कोण तुम्ही?" अण्णांनी विचारलं.

बायकोला कळवून त्याने लगेच साहेबांना फोन लावला. दुसऱ्या हाताने अण्णांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"साहेब, ते अ‍ॅप आत्ताच्या आत्ता बंद करा."

"वेड लागलंय का? चाळीस हजार घरांत चालतंय ते!"

"म्हणूनच सांगतोय, साहेब," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.